अलेक्झांडर फ्लेमिंग आणि उरलेल्या गोळ्या

सर अलेक्झांडर फ्लेमिंग यांचे नाव आपल्या पाठ्यपुस्तकांत एका बुरशीच्या गोष्टीपुरते येते. काचेच्या बशीत बुरशी उगवली, तिच्या भोवतालचे जंतू मेले आणि पेनिसिलिनचा शोध लागला, एवढे सांगून धडा संपतो. विद्यार्थी परीक्षेत ते लिहितो, त्याला त्याचे गुण मिळतात. पुढे नोकरीला लागल्यावर घसा दुखू लागला की तोच विद्यार्थी कोपऱ्यावरच्या औषधाच्या दुकानातून चार कॅप्सूल मागून घेतो, दोन खातो आणि बरे वाटले म्हणून उरलेल्या दोन टेबलाच्या खणात ठेवून देतो. फ्लेमिंग यांच्या चरित्रातील जो भाग या माणसाच्या खऱ्या उपयोगाचा होता, तो धड्यात आलाच नाही. नोबेल पारितोषिक मिळाले त्या वेळी, १९४५ साली, त्यांनी आपल्याच औषधाविषयी जगाला एक इशारा दिला होता. आजच्या घडीला तो इशारा बुरशीच्या गोष्टीहून अधिक महत्त्वाचा आहे, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे.

फ्लेमिंग यांचा जन्म ६ ऑगस्ट १८८१ रोजी स्कॉटलंडमधील एअरशायर परगण्यात, डार्व्हेल गावाजवळच्या एका शेतावर झाला. वडील शेतकरी. त्यांची दोन लग्ने झालेली; दोन्ही संसार मिळून आठ मुले, त्यांत हा सातवा. मुलगा सात वर्षांचा असतानाच वडील वारले. पुढे तेराव्या-चौदाव्या वर्षी तो लंडनला भावांकडे आला, काही काळ शिकला आणि मग एका जहाज कंपनीच्या कचेरीत कारकून म्हणून चिकटला. ही कारकुनी चार वर्षे चालली. एका चुलत्याच्या मृत्यूनंतर वारसाहक्काने थोडी रक्कम हाती आली नसती, आणि डॉक्टर झालेल्या थोरल्या भावाने वैद्यकाची वाट दाखविली नसती, तर जगाच्या इतिहासात त्याची नोंद त्या कचेरीच्या हजेरीपटापलीकडे झाली नसती.

१९०१ साली त्यांनी लंडनच्या सेंट मेरीज रुग्णालयाच्या वैद्यकीय शाळेत प्रवेश घेतला. ही शाळा निवडण्याचे कारण मोठे गमतीचे आहे. तिच्या संघाविरुद्ध ते पूर्वी वॉटर पोलो खेळले होते, एवढीच त्यांची तिच्याशी ओळख! १९०६ मध्ये पदवी मिळाल्यावर ते तिथेच राहिले, त्यालाही खेळच कारण झाला. रुग्णालयाच्या नेमबाजी मंडळाला हा चांगला नेमबाज हातचा जाऊ द्यायचा नव्हता. म्हणून सर ऑल्मरॉथ राइट यांच्या लसविभागात त्यांची सोय लावण्यात आली. चरित्रकारांना अशा योगायोगांचे फार कौतुक असते. परंतु त्यानंतरची जवळजवळ पन्नास वर्षे हा माणूस त्याच विभागात जंतूंच्या बशा तपासत बसला, हे मात्र योगायोगाने झाले नाही.

पहिल्या महायुद्धात ते फ्रान्समध्ये बुलोन येथे सैन्याच्या वैद्यकीय दलात होते. जखमी सैनिकांच्या खोल जखमांत त्या काळी जालीम जंतुनाशके ओतली जात. फ्लेमिंग यांनी प्रयोगाने दाखवून दिले की, असे द्रव जखमेच्या कानाकोपऱ्यांतील जंतूंपर्यंत पोहोचतच नाहीत. उलट जंतूंशी झुंजणाऱ्या रक्तातील पांढऱ्या पेशी मात्र मारतात. औषध जालीम असले म्हणजे ते गुणकारी असतेच असे नाही, हा धडा त्यांनी तिथे घेतला. त्यांच्या पुढील सर्व विचारांचे मूळ या युद्धकाळात आहे. १९२१ साली त्यांना नाकातील स्रावात आणि अश्रूंमध्ये जंतू विरघळविणारे लायसोझाइम हे द्रव्य सापडले. रोग्याच्या उपयोगी पडेल असे काही त्यातून निघाले नाही. पण कशाकडे पाहायचे हे डोळ्यांना कळले.

सप्टेंबर १९२८ मध्ये सुटीवरून परतल्यावर त्यांनी टेबलावर साचलेल्या जुन्या बशा चाळायला घेतल्या. फोड-गळवे निर्माण करणाऱ्या स्टॅफिलोकॉकस जंतूंच्या एका बशीत बुरशी पडली होती आणि तिच्या भोवतालचे जंतू नाहीसे झाले होते. हा भाग सर्वांना ठाऊक आहे. कमी ठाऊक आहे ते असे की, बुरशीतून निघणारे द्रव्य शुद्ध स्वरूपात वेगळे काढणे त्यांना जमले नाही. ते रसायनशास्त्रज्ञ नव्हते. ते द्रव्यही फार नाजूक होते, चटकन निकामी होई. १९२९ साली त्यांनी शोधनिबंध प्रसिद्ध केला, बुरशीचा वंश प्रयोगशाळेत जपून ठेवला आणि मागेल त्याला तिचे नमुने दिले. दहा वर्षे पेनिसिलिनचा मुख्य उपयोग झाला तो प्रयोगशाळेतील बशीतून नको असलेले जंतू काढून टाकण्यासाठी!

बुरशीचे औषध केले ते ऑक्सफर्डमधील हॉवर्ड फ्लोरी, अर्न्स्ट चेन आणि नॉर्मन हीटली यांनी. मे १९४० मध्ये आठ उंदरांना मारक जंतू टोचून त्यांपैकी चौघांना पेनिसिलिन देण्यात आले. ते चौघे जगले, बाकीचे सकाळपर्यंत मेले. त्यांचे यश वाचून फ्लेमिंग ऑक्सफर्डला गेले तेव्हा चेन यांना आश्चर्य वाटले, कारण हा गृहस्थ केव्हाच वारला असावा अशी त्यांची समजूत होती.

या कथेतील खरा हृदयद्रावक प्रसंग फेब्रुवारी १९४१ मधील आहे. ऑक्सफर्डच्या इस्पितळात एक पोलीस शिपाई चेहऱ्यावरच्या जंतुसंसर्गाने मरणाच्या दारात होता. त्याचा एक डोळाही काढावा लागला होता. १२ फेब्रुवारीला त्याला पेनिसिलिनची पहिली सुई दिली. एका दिवसात ताप उतरू लागला, त्याला भूक लागली, चेहऱ्यावरची सूज ओसरली. पण जगात त्या वेळी असलेला औषधाचा साठा एवढासा होता की, त्याच्या लघवीतून बाहेर पडणारे पेनिसिलिन पुन्हा गाळून त्यालाच टोचावे लागत होते. पाचव्या दिवशी तेही संपले. काही दिवस तो बरा राहिला, मग जंतूंनी पुन्हा उचल खाल्ली, आणि १५ मार्चला तो गेला. बरे वाटणे आणि बरे होणे यांतले अंतर याहून स्पष्टपणे कोणी दाखविले नसेल. उपचार अर्ध्यावर तुटला तर काय होते, याचे हे पहिले उदाहरण. आणि ते औषध संपले म्हणून घडले, रोग्याने कंटाळून सोडले म्हणून नव्हे.

पुढील वर्षी, ऑगस्ट १९४२ मध्ये, फ्लेमिंग यांनी मेंदूज्वराने मरू घातलेल्या आपल्या एका परिचिताला फ्लोरींकडून मागवून घेतलेले पेनिसिलिन दिले. शेवटी ते पाठीच्या कण्यातून टोचले. रोगी खडखडीत बरा झाला. वर्तमानपत्रांत चर्चा सुरू झाली, राइट यांनी श्रेय फ्लेमिंग यांचे आहे असे जाहीर पत्र लिहिले, आणि तेव्हापासून कीर्तीचा झोत सेंट मेरीजकडे वळला तो वळलाच. ऑक्सफर्डच्या मंडळींवर यात अन्याय झाला, हे मान्य केले पाहिजे. फ्लेमिंग यांनी चर्चिल यांचा जीव पेनिसिलिनने वाचविला, ही आजही सांगितली जाणारी कथा तर निव्वळ बनावट आहे. १९४३ च्या आजारात चर्चिल यांना दिले गेले ते सल्फा जातीचे औषध होते.

युद्धामुळे अमेरिकेत पेनिसिलिनचे प्रचंड उत्पादन सुरू झाले. अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याने ध्यानात ठेवावी अशी ही घटना आहे. १९४१ मध्ये एका माणसाला पुरले नाही, ते औषध जून १९४४ मध्ये नॉर्मंडीच्या किनाऱ्यावर उतरणाऱ्या फौजांसाठी वीस लाखांहून अधिक मात्रांनी तयार होते. १९४३ साली सुमारे वीस डॉलरना पडणारी मात्रा युद्ध संपल्यावर थोड्याच काळात एका डॉलरच्याही आत आली. वस्तू इतकी स्वस्त झाली की तिची उधळपट्टी होते, हे बाजाराचे जुने लक्षण आहे. फ्लेमिंग यांनी अर्थशास्त्र शिकले नव्हते. पण पुढे काय होणार हे त्यांनी नेमके ओळखले.

फ्लोरी आणि चेन यांच्याबरोबर त्यांना १९४५ चे नोबेल पारितोषिक मिळाले. ११ डिसेंबरच्या भाषणाच्या अखेरीस त्यांनी एक कल्पित उदाहरण मांडले. एका गृहस्थाचा घसा दुखतो. पेनिसिलिन दुकानात कोणालाही मिळू लागले आहे. तो ते विकत आणतो आणि अपुरे घेतो. त्या मात्रेत जंतू मरत नाहीत, पण औषधाला तोंड कसे द्यावे हे शिकून घेतात. मग ते जंतू त्याच्या बायकोला लागतात, तिला न्यूमोनिया होतो, डॉक्टर पेनिसिलिन देतात आणि आता त्याचा काही उपयोग होत नाही, ती मरते. तिच्या मरणाला जबाबदार कोण, हा प्रश्न विचारून त्याचे उत्तर त्यांनी नवऱ्याच्या पदरात टाकले. त्याच वर्षी अमेरिकेतही तोंडाने घ्यायच्या पेनिसिलिनचा मनमानी वापर होईल, अशी भीती त्यांनी बोलून दाखविली होती.

आजच्या ज्ञानाने पाहिले तर या उदाहरणात एक तपशील चुकला. घसा दुखविणारा तो विशिष्ट स्ट्रेप्टोकॉकस जंतू आजही पेनिसिलिनला बधतो. पण दुसरे जंतू अधिक हुशार निघाले. लंडनच्या एका रुग्णालयात मेरी बार्बर यांनी तपासलेल्या स्टॅफिलोकॉकस जंतूंपैकी निम्म्याहून अधिक १९४८ सालीच पेनिसिलिनला दाद देईनासे झाले होते. शोध लागलेल्या त्याच जातीच्या जंतूने, शोध लागल्यानंतर वीस वर्षांत, लोकांच्या हाती औषध पडल्यावर तीन-चार वर्षांतच!

पहिले पेनिसिलिन सुईनेच द्यावे लागे; जठरातील आम्लात ते टिकत नसे. आम्लात टिकणारे पेनिसिलिन १९५० नंतरच्या काही वर्षांत आले, १९६१ मध्ये अँपिसिलिन आणि १९७२ मध्ये अमॉक्सिसिलिन. सुई देण्याला डॉक्टर तरी लागतो. गोळी कोणीही कोणाच्याही हातावर ठेवू शकतो. घरातल्या कोणाला ताप आला की मागच्या वेळच्या उरलेल्या कॅप्सूल शोधल्या जातात, आणि शेजारच्या वहिनींना ज्या गोळ्यांनी गुण आला त्याच आपणही घ्याव्यात असा सल्ला मिळतो. सर्दी, फ्लू आणि बहुतेक घसेदुखी विषाणूंमुळे होतात आणि विषाणूंवर या औषधांचा काडीइतका परिणाम होत नाही, हे सुशिक्षितांनाही पटत नाही. सर्दी आठवड्याने आपोआप बरी होते आणि श्रेय गोळीला जाते.

डॉक्टरांनी विचारपूर्वक अँटिबायोटिक दिले असेल, तर ते कसे घ्यायचे याला काही शास्त्र आहे. दिवसातून तीन वेळा असे चिठ्ठीवर लिहिलेले असते, त्याचा अर्थ साधारण आठ-आठ तासांनी असा आहे. सकाळच्या चहाला, दुपारच्या डब्याला आणि संध्याकाळी कचेरीतून आल्या आल्या असा नाही. गोळी पोटात गेल्यावर रक्तातले औषध काही तासांतच उतरू लागते, आणि ते उतरलेले राहिले की उरलेल्या जंतूंना फावते. एखादी वेळ चुकली तर आठवताच गोळी घ्यावी. पुढची वेळ जवळ आली असेल तर चुकलेली सोडून द्यावी. भरपाई म्हणून एकदम दोन घेऊ नयेत. जेवणापूर्वी की नंतर, हेही प्रत्येक औषधागणिक बदलते. अमॉक्सिसिलिन जेवणाबरोबर चालते. टेट्रासायक्लिन मात्र दूध, लोहाच्या गोळ्या किंवा आम्लपित्तावरचे औषध यांच्याबरोबर घेतले की त्यांच्याशी बांधले जाते आणि रक्तात नीट उतरत नाही. डॉक्सिसायक्लिनची कॅप्सूल घोटभर पाण्याने गिळून लगेच आडवे झाले तर ती अन्ननलिकेत अडकून तिथे व्रण करू शकते. म्हणून पेलाभर पाणी आणि काही वेळ बसून राहणे. लहान मुलांच्या बाटलीतील भुकटीत उकळून गार केलेले पाणी खुणेपर्यंत घालायचे, दर वेळी बाटली हलवायची, सोबतच्या मापानेच औषध द्यायचे, आणि बाटलीवर लिहिलेले दिवस संपले की उरलेले टाकून द्यायचे. स्वयंपाकघरातल्या चमच्यांची मापे घरोघरी वेगळी असतात.

पूर्वी पेनिसिलिनने अंगावर पित्त उठले असेल, गर्भारपण असेल, मूत्रपिंडाचा विकार असेल, रक्त पातळ करण्याच्या गोळ्या चालू असतील, तर रोग्याने हे विचारण्यापूर्वीच डॉक्टरांना सांगावे. थोडी मळमळ किंवा पातळ शौच होणे नेहमीचे आहे. ओठ किंवा चेहरा सुजणे आणि श्वास लागणे ही मात्र घरी बसून वाट पाहण्याची लक्षणे नाहीत. गोळी थांबवून तडक इस्पितळ गाठावे. शौचात रक्त आले किंवा जुलाब आवरेनात, तरी त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवावे.

आता फ्लेमिंग यांच्या इशाऱ्याचा अर्थ आपण कसा लावला याकडे वळू. अपुरे घेऊ नका, या त्यांच्या सांगण्यावरून जितके अधिक दिवस घ्याल तितके बरे, असा अर्थ कित्येक वर्षे रूढ झाला होता. गेल्या काही वर्षांतील अभ्यासांनी तो पुष्कळसा बदलला आहे. औषध जितके दिवस चालते तितके दिवस आपल्या आतड्यांत आणि त्वचेवर सुखाने राहणाऱ्या निरुपद्रवी जंतूंवरही त्याचा मारा होतो, आणि औषधाला न जुमानणारे वंश त्यांच्यात वाढीस लागतात. म्हणूनच साध्या न्यूमोनियात, रोगी नीट सुधारत असेल तर, पूर्वीच्या सात-दहा दिवसांऐवजी पाच दिवस पुरेसे मानले जाऊ लागले. याउलट क्षयरोगात जुना नियम पूर्णपणे खरा आहे. नेहमीच्या क्षयाला साधारण सहा महिने औषध लागते, दोन महिन्यांत खोकला थांबून वजन वाढू लागले तरी. मध्येच सोडणाऱ्याच्या शरीरात औषधाला दाद न देणारा क्षय तयार होण्याचा धोका असतो. टायफॉइडमध्ये योग्य औषध सुरू झाल्यावरही ताप उतरायला चार-पाच दिवस जातात आणि रोगी दुसऱ्याच दिवशी डॉक्टर बदलतो. तात्पर्य, किती दिवस हे रोगागणिक ठरते, आणि ते ठरविण्याचा अधिकार गोळ्या खाणाऱ्याच्या कंटाळ्याला नाही आणि विकणाऱ्याच्या नफ्यालाही नाही. गोळ्या लवकर थांबवाव्यात असे वाटले तर तोच प्रश्न डॉक्टरांना विचारावा.

अर्थशास्त्राच्या परिभाषेत सांगायचे तर अँटिबायोटिक ही गावच्या गायरानासारखी वस्तू आहे. गोळी खाणाऱ्याला, खरा किंवा काल्पनिक, जो लाभ होतो तो त्याचा एकट्याचा. निकामी होत जाणाऱ्या औषधाचा तोटा मात्र सर्वांत वाटला जातो, बहुतांशी त्याने कधी न पाहिलेल्या माणसांत. फ्लेमिंग यांच्या उदाहरणातील गृहस्थाची बायको तरी त्याच्या घरात होती. जंतूंनी औषधांना न जुमानल्यामुळे २०१९ या एका वर्षात जगभरात सुमारे १२ लाख ७० हजार माणसे मेली, असा २०२२ साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या पाहणीचा अंदाज आहे. नवे अँटिबायोटिक शोधण्यास कंपन्या फारशा उत्सुक नाहीत, यामागेही असाच हिशेब आहे. नवे औषध शहाणपणाने राखून ठेवायचे, म्हणजे ते कमी खपणार.

आपल्या देशात कायदे नाहीत असे नाही. ही औषधे डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय विकता येत नाहीत. १ मार्च २०१४ पासून अधिक महत्त्वाच्या अँटिबायोटिक्सच्या विक्रीची, रोग्याच्या आणि डॉक्टरांच्या नावासह, वेगळी नोंदवही दुकानदाराने ठेवायची आहे. पाकिटावरच्या उभ्या लाल रेघेचा अर्थ लोकांना कळावा म्हणून केंद्र सरकारने २०१६ मध्ये मोहीमही काढली. तरीही चिठ्ठीवाचून गोळ्या मिळतात, हे वाचकांना आपल्या गल्लीतच पाहता येईल. परंतु केवळ बंदोबस्त कडक करा म्हणणाऱ्यांनी दुसरी बाजू विसरू नये. ज्या खेड्यात डॉक्टर आठवड्यातून एकदा येतो, तिथे चिठ्ठीची अट कसोशीने पाळली तर न्यूमोनिया झालेले मूल औषधावाचून जाईल.

फ्लेमिंग ११ मार्च १९५५ रोजी लंडनमध्ये हृदयविकाराने वारले. सेंट पॉल कॅथेड्रलमध्ये त्यांच्या अस्थी आहेत. त्याच वर्षी पुण्याजवळ पिंपरीला, जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफ यांच्या साहाय्याने उभारलेल्या हिंदुस्तान अँटिबायोटिक्सच्या सरकारी कारखान्यात पेनिसिलिनचे उत्पादन सुरू झाले. परदेशी औषध न परवडणाऱ्या माणसाला ते मिळावे, हा त्यामागचा हेतू होता. आज गोळ्या स्वस्त आहेत, पण रोजंदारीवरचा माणूस अजूनही कात्रीने कापलेले अर्धे पाकीट विकत घेतो. खिशातले पैसे दोन दिवसांच्या गोळ्यांना पुरतात, आणि तिसऱ्या दिवशी बरे वाटले तर उरलेल्या गोळ्यांपेक्षा घरच्या पिठाची गरज मोठी असते. काही सरकारी दवाखान्यांतही दोन-तीन दिवसांचेच औषध हातावर ठेवून पुन्हा यायला सांगतात, म्हणजे आणखी एका दिवसाची मजुरी बुडाली. क्षयाची औषधे सरकार पूर्ण मुदतीपर्यंत फुकट पुरविते. पाच दिवसांच्या अमॉक्सिसिलिनच्या पंधरा कॅप्सूल एकाच पुडीत, एकाच खेपेला, दवाखान्याच्या खिडकीतून देण्याला सरकारी तिजोरीतून त्याहून कितीतरी कमी पैसा लागेल.